नव्या वॉर्ड इन्चार्जने आधी ड्युटी लिस्ट सांभाळावी

अभिनंदन, सिस्टर! इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), ऑडिट, ऑफिसचे कागद पहिला महिना आहे त्याच पद्धतीने चालू द्या. आधी ड्युटी लिस्ट हातात घ्या.

लिस्ट नाइटपासून भरायला घ्या. सकाळी आठ ते दोनला माणूस मिळतो, रात्री आठ ते सकाळी आठला शोधावा लागतो. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही नवख्या मुली एकाच नाइटला टाकणं. पहाटे तीनला पेशंटचं बीपी पडलं की दोघी एकमेकींकडे बघत राहतात. एक जुनी, एक नवी, अशीच जोडी लावा. सकाळी नाइट उतरलेलीला त्याच दुपारी दोनला बोलावू नका. अशा झोपमोडीतून डोसाच्या चुका होतात.

आणखी दोन गोष्टी:

- सुट्टीची मागणी तोंडी घ्यायची नाही, वहीत तारखेसह लिहून घ्यायची. गणपती-दिवाळीची तर महिनाभर आधी. (भांडणं तिथेच होतात.)
- ओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं) टेबलावर नको, खाटेजवळ. सलाईनवरचं लेबल, लघवीच्या पिशवीचं माप, इन्सुलिन दिलं की राहिलं, हे दोघींनी मिळून बघायचं.

आणि कुणाचं चुकलं तर नातेवाइकांसमोर झापू नका. बाजूला घेऊन विचारा, नाहीतर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही.