टाचेचं वळण

प्रिय पोरी,

गुलमर्गहून आलीस आणि आठवड्याभरात तीन सत्कार झाले. फोटो पाहिले. शाल तुला शोभते. चौथ्याला मात्र नाही म्हण. ‘विदर्भातली पहिली स्नोबोर्डर’ हे बिरूद तुला मिळालं, कारण फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरणारी दुसरी कुणी नाहीच!

तुझा व्हिडिओ मी सात वेळा पाहिला. चवड्यावरचं वळण देखणं आहे. बोर्डाची धातूची कडा बर्फात रुतते, मागे एकच बारीक रेघ उरते. टाचेवर आलीस की बोर्ड थरथरतो आणि रेघेचा फराटा होतो. तिथे तू स्टुलावर बसल्यासारखी मागे बसतेस. पॅरलल जायंट स्लालममध्ये, म्हणजे शेजारशेजारच्या दोन मार्गांवरून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, पात्रता फेरीत लाल आणि निळ्या, दोन्ही मार्गांवरून उतरावं लागतं. दोन्ही वेळांची बेरीज होते आणि पहिले १६ जण बाद फेरीत जातात. एका बाजूने सुंदर उतरून भागत नाही.

नव्या बोर्डासाठी पैसे जमवते आहेस, असं तुझे बाबा म्हणाले. थांब जरा. आधी बूट. मी पहिल्या हिवाळ्यात हौसेने एक नंबर मोठे घेतले, वर मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या. आत टाच उचलली जायची, तिचा जोर कडेपर्यंत पोचायचाच नाही. हंगामभर मी बोर्डाला शिव्या दिल्या. कडक बुटात टाच हलली, तर महागातला बोर्डही वळत नाही.

आहे तो बोर्ड आधी नीट ठेव. तुमच्या टिनाच्या खोलीत तर मुळीच नको. मे महिन्यात तिथे काय भट्टी पेटते, ते मला सांगू नकोस. पावसाळ्याआधी तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर दे, नाहीतर कडा गंजतात. हंगामाआधी मेण खरवड, कडेला कानस मार आणि नख आडवं फिरवून बघ. नखाचा बारीक कीस निघाला, तर कडेला धार आली.

नागपुरात राहून हे जमेल का, असं आई विचारते. एका टप्प्यानंतर नाही जमणार. ओजस देवतळेही नागपूरचाच, पण धनुर्विद्येसाठी साताऱ्याला गेला आणि २०२३ मध्ये जगज्जेता झाला. तुला तर बर्फाच्याच मागे जायचं आहे, आणि बर्फ बेभरवशाचा. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला तो पडलाच नाही पुरेसा, म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. परतीचं तिकीट काढताना आठ-दहा दिवस हाताशी ठेव.

वयाची घाई मात्र करू नकोस. ऑस्ट्रियाच्या बेंजामिन कार्लला २०१० मध्ये ऑलिंपिक रौप्य मिळालं, २०१४ मध्ये कांस्य, आणि सुवर्ण २०२२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तू एकोणीस वर्षांची आहेस. बारावीनंतरची ती गॅप इतकी मनाला लावून घेऊ नको बाप्पा.

रविवारी सकाळी सहाला सेमिनरी हिल्सला ये, रस्ता रिकामा असतो तेव्हा. चाकांचा लाँगबोर्ड आण, हेल्मेट आण. उतारावर फक्त टाचेची वळणं घ्यायची. बूटही पिशवीत टाक आणि पातळ मोज्यांची एकच जोडी घालून ये. टाच किती उचलते, ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका