ओसीडीची सेल्फ-हेल्प पद्धत सोवळं पाळणाऱ्या घरात चालते का?

तुम्ही विचारलंय की ओसीडीवरचे (शंका सुटत नाही म्हणून तेच तेच करायला लावणारा आजार) इंग्रजी पुस्तकात वाचलेले ईआरपीचे व्यायाम, म्हणजे भीती वाटते त्याला सामोरं जायचं पण नंतरचं धुणं-म्हणणं टाळायचं, आईला न दुखावता घरच्या घरी करता येतील का. येतील. पण पुस्तकातली यादी उचलून जशीच्या तशी करायला गेलात तर आधी घरात भांडण होईल आणि मग पुस्तक माळ्यावर जाईल.

आमचं गोव्यात फोंडा तालुक्यात सामायिक घर आहे. चवथीला मुंबई-पुण्याचे भाऊबंद उतरतात, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) सजते, आणि वडिलांनंतर पूजेला बसायचं माझ्याकडे आलं. माझा ओसीडी हात धुण्याचा नव्हता (लोकांना तेवढाच ठाऊक). माझा मंत्रांचा. एखादं अक्षर नीट उमटलं नाही अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. संकल्प सोडताना मनात काही घाणेरडं आलं की संकल्प बाटला, पुन्हा आचमन. दुपार टळायची, पोरं भुकेने रडकुंडीला यायची, खतखतं (चवथीची मिश्र भाजी) निवून जायचं आणि मी अजून पंचामृतापाशीच. आई दारातून म्हणायची, “जालें रे पुता, जालें. बरोबर म्हटलंस.” तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग मी पुन्हा विचारायचो.

सगळे वैतागलेले, एकटे काका खूश. “बघा, केवढी निष्ठा! आजीचा वारसा आहे.” मी डॉक्टरांकडे जायचं काढलं तेव्हा तेच काका म्हणाले, हे साहेबांचं खूळ, ते तुला देवापासून तोडतील. दुर्दैवाने पहिला समुपदेशक त्यांना हवा तसाच भेटला. त्याने छापील इंग्रजी कागद हातात ठेवला आणि सांगितलं, यंदाची पूजा मुद्दाम चुकीची करा. मी पुन्हा तिथे गेलो नाही, आणि काकांना वर्षभराचा विषय मिळाला.

दुसऱ्या मॅडम आपल्या भाषेतल्या. त्यांचा पहिला प्रश्न: “तुमच्या घरचे भटजी ही पूजा किती वेळात आटपतील?” बस, तेच माप. धर्म मोडायचा नाही. धार्मिक पण निरोगी माणूस जेवढं करतो तेवढ्यावर यायचं आणि थांबायचं. भटजींना विचारायची परवानगी एकदाच. ते हसले. म्हणाले, पूजेच्या शेवटी ‘आवाहनं न जानामि’ कशाला म्हणतोस? चूक होणार हे धरूनच क्षमा मागून ठेवली आहे.

मला केवढा आनंद! आणि रोगाने तेही गिळलं. मी ती क्षमाप्रार्थनाच पुन्हा पुन्हा म्हणू लागलो. हे पुस्तकात सापडणार नाही म्हणून मुद्दाम सांगतोय: आपल्या परंपरेतला दिलासा देणारा श्लोक ओसीडीच्या हाती लागला की तोही कर्मकांड होतो. मग ठरलं, प्रार्थना एकदाच, भटजींना फोन नाही, आणि शंका मनात तशीच ठेवून पुढचं फूल वाहायचं. “चुकलं असेल, नसेलही.” सुरुवात रोजच्या देवपूजेपासून केली. प्रत्येक पायरीला ० ते १०० मध्ये किती अस्वस्थ वाटतं ते लिहायचं. चवथ सगळ्यात वर. मी ‘बरोबर म्हटलं ना?’ विचारलं तर आईने उत्तर द्यायचं नाही, हे मात्र तिला माझ्यापेक्षा जड गेलं.

काका, सुतक दहा दिवसांनी फिटतं. व्रताला उद्यापन असतं. माझ्या मंत्रांना शेवटच नव्हता, ती निष्ठा कसली? आणि साहेबांचं म्हणाल तर हो, ही ईआरपीची पद्धत व्हिक्टर मायरने १९६६ मध्ये लंडनमध्ये मांडली. पण बाहेरची उपचारपद्धत इथल्या माणसांच्या हाती देता येते हे गोव्यातच दिसलंय. संगाथ ही गोव्यातली मानसिक आरोग्याची संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आरोग्य केंद्रांवर स्थानिक, डॉक्टर नसलेले समुपदेशक होते. तो नैराश्य आणि चिंतेवरचा होता, ओसीडीवरचा नव्हे, पण मुद्दा तोच.

तर तुमच्यासाठी: सोवळ्याचं माप आईचंच घ्या. ती स्वयंपाकघरात शिरताना एकदा पाय धुते तर तुम्हीही एकदाच, तिच्यापेक्षा कमी नको नि जास्तही नको. तिला आधीच सांगा की तिचं काही मोडत नाही, फक्त “शुद्ध आहे ना?” ला तिने उत्तर देऊ नये. आई स्वतःच तासभर धूत असेल तर माप दुसरीकडून आणा, मावशीचं चालेल.

हे सौम्य-मध्यम त्रासासाठी. दिवसाचे कित्येक तास त्यातच जात असतील किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर पुस्तक ठेवा आणि बांबोळीच्या आयपीएचबीत (गोव्याचं सरकारी मनोरुग्णालय) जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. गोळ्यांचा परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. काकांचा गोळ्यांवरही राग आहे. प्रेशरची मात्र नैवेद्य व्हायच्या आधी आठवणीने घेतात.