खेळायची कणीक टिकेल कशी?

प्रश्न: साडेतीन वर्षांच्या मुलीला रंग घालून कणीक मळून देते. दुसऱ्याच दिवशी ती चिकट होते, आंबूस वास येतो. काय करावं?

उत्तर: पोळीच्या कणकेत मीठ नावापुरतंच असतं, त्यामुळे ती आंबणारच. खेळायचं पीठ खारट हवं आणि शिजवलेलं हवं.

1 वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, 1 वाटी पाणी, 1 मोठा चमचा तेल आणि तेवढाच लिंबाचा रस. जाडं मीठ नको, खडे टोचतात. खाण्याचा रंग आधी पाण्यातच विरघळवा. मागाहून घातला तर हात रंगतात आणि पिठात रेघा राहतात. गॅस लावण्याआधी गुठळ्या मोडा. मग मंद आचेवर, मोदकाच्या उकडीसारखं, सतत ढवळा. गोळा कढई सोडू लागला, चिमटीत घेतल्यावर बोटाला चिकटेना, की उतरवा. घाई इथेच होते: कच्चं उतरवलेलं पीठ नंतर कितीही मैदा लावला तरी चिकटतंच. कोमट असतानाच 3-4 मिनिटं मळा.

घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढतं, तेव्हा चिमूटभर मैदा पुरतो. बुरशी दिसली तर मात्र सरळ फेकून द्या.

साचे विकत आणायची गरज नाही. जुना कंगवा, बाटलीचं झाकण आणि छोटं लाटणं पुरे.

मीठ भरपूर असल्याने हे पीठ पोटात जाता कामा नये. जवळ बसूनच खेळू द्या. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा.