गर्ट्रूडला माहीत होतं का?

प्रश्न: ताई, आम्ही नेरूळच्या सोसायटीतल्या पाचसहा जणी दर शनिवारी क्लब हाऊसमध्ये बसून नाटकं वाचतो, सध्या मराठीतलं हॅम्लेट चालू आहे आणि माझ्या वाट्याला त्याची आई गर्ट्रूड आलीय. बाकीच्या म्हणतात नवरा जाऊन दोन महिने नाही झाले तर दिराशी लग्न, म्हणजे नवऱ्याच्या खुनात हिचा हात असणारच, तू खलनायिकाच वाच. मला पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाही.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: अहो, तुमच्या मैत्रिणींनी दोन गुन्हे एकाच पोत्यात भरलेत. लग्नाची घाई झाली हे ती स्वतःच मानते, पोराच्या वेडाचं कारण काय तर बापाचं मरण आणि आपलं घाईचं लग्न, असं नव्या नवऱ्याला, म्हणजे दीर क्लॉडियसला, तोंडावर सांगते. आणि दिराशी लग्न तिकडे आपल्यापेक्षाही जास्त खटकायचं, आठव्या हेन्रीने भावाच्या विधवेशी केलेलं लग्न १५३३ मध्ये याच मुद्द्यावर रद्द करून घेतलं होतं. (आणि हे नाटक मराठीत 'विकारविलसित' म्हणून आणलं कोणी, तर विधवाविवाहाची बाजू घेणाऱ्या आगरकरांनी!)

खुनाचं वेगळं आहे, तो केला क्लॉडियसने. हॅम्लेटच्या हातून दरबारी पोलोनियस मेल्यावर हॅम्लेट आईला म्हणतो, राजाला मारून त्याच्या भावाशी लग्न करण्याइतकंच हे वाईट, तेव्हा ती एवढंच म्हणते, 'राजाला मारून?' ही ओळ दचकून वाचली तर ती निर्दोष आणि जरा थांबून, चाचपत वाचली की संपलं, तुमच्या मैत्रिणी जिंकल्या. १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत ती शपथ घेऊन सांगते की मला खुनाचं काही माहीत नव्हतं, नंतरच्या मोठ्या प्रतीत ती शपथच नाही, म्हणून तर सगळा घोळ.

माझं मत विचाराल तर तिला माहीत नव्हतं. पण मला तिचा राग येतो तो पुढे, पोराने एवढं सुनावल्यावरही, कारण पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस तलवार घेऊन घुसतो तेव्हा क्लॉडियसला वाचवायला हीच मध्ये पडते, तुझ्या बापाला यांनी नाही मारलं म्हणते. आणि तीच बाई त्याआधी मुलगा वेडाचं सोंग घेतोय हे नवऱ्यापासून लपवते! दोघांनाही सांभाळते, आता हिला चांगली म्हणायचं का वाईट, तुम्हीच सांगा.

शेवटी तलवारीच्या सामन्यात राजाने हॅम्लेटसाठी ठेवलेला विषाचा पेला उचलते तेव्हा राजा म्हणतो पिऊ नकोस, ती म्हणते पिणार, माफ करा. काही नट्या हे तिला विषाचं कळलंय असं करतात, मला ते ओढूनताणून वाटतं, पोरगा जिंकतोय म्हणून खूश झालीय, बस. पण आधी राजाने जा म्हटल्यावर 'तुमची आज्ञा' म्हणून मुकाट निघून गेलेली बाई आहे ही, त्यामुळे हे 'पिणार' पुटपुटू नका, पलीकडच्या विंगेत ऐकू जाऊ दे.