ग्रंथपालांना आराखड्याआधीच भेटा

ताई, नवी मुंबईच्या प्रकल्पग्रस्त गावांवर पीएच.डी. करताना पूर्वीचे संशोधन सापडत नाही, आणि संशोधन कक्ष म्हणतो की ग्रंथपालांकडे शेवटी, वाङ्मयचौर्य तपासणीच्या दाखल्यापुरते जायचे असते, हे आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. माझा विषय याच पट्ट्यातला, पण समाजशास्त्रातला. विज्ञान शाखांची रीत वेगळी असू शकते, तेवढे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

मला हेच सांगणाऱ्या कार्यालयाचे नाव घेत नाही. ग्रंथपालांची वेळ हवी असेल तर कक्षाचे पत्र आणा, असे तिथे सांगत आणि पत्र मागितले की ‘आधी संशोधनाचा आराखडा मंजूर होऊ द्या’ म्हणून परत पाठवत. आराखडा मंजूर झाला तो ‘या विषयावर फारसे काम झालेले नाही’ या वाक्यासह. पुढे ग्रंथपाल बाईंसमोर बसल्यावर ते वाक्य तासाभरातच निकालात निघाले, पूर्वसंशोधनाचे प्रकरण मुळापासून लिहावे लागले आणि जवळपास वर्ष गेले. पत्राची अट तर ग्रंथालयाच्या नियमांत मुळी नव्हतीच. याचा संताप अजूनही होतो, कारण त्या कक्षातून दरवर्षी नवे संशोधक असेच रिकाम्या हाताने परत जातात.

बाईंनी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. ठिकाणाच्या रकान्यात ‘नवी मुंबई’बरोबर ‘न्यू बॉम्बे’, ‘ठाणा’, ‘बेलापूर’ आणि उरण-पनवेलसाठी ‘कुलाबा’, कारण तो जिल्हा 1981 मध्ये रायगड झाला; विषयाच्या रकान्यात ‘भूसंपादन’, ‘विस्थापन’, ‘प्रकल्पग्रस्त’ आणि संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देण्याच्या योजनेचे नाव ‘साडेबारा टक्के’. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही चालेल) आणि दोन्ही रकाने ‘अँड’ने (दोन्हींतले हवेत) जोडून, इंग्रजी व मराठी दोन्हींत शोध घेतल्यावर, शीर्षकात नवी मुंबईचे नावही नसलेले प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, दिसू लागले. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांचा नव्या शहराचा प्रस्ताव 1965 च्या ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकामध्ये, मिठागरे व मासेमारीची माहिती 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आणि जानेवारी 1984 च्या, भूसंपादनाविरुद्धच्या जासई (उरण) शेतकरी आंदोलनासाठी त्या महिन्याच्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली, ही दिशाही त्यांनीच दाखवली. मार्गदर्शक विषय जाणतात, पण शोध कसा घ्यायचा हे ग्रंथपालच शिकवू शकतात, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून कक्षाची वाट न पाहता थेट वेळ मागावी. ‘या विषयावरची पुस्तके द्या’ असे म्हणण्याऐवजी आपला संशोधनप्रश्न पानभर लिहून न्यावा, आतापर्यंत कुठे आणि कोणत्या शब्दांनी शोधले तेही त्यात असावे, आणि शोध त्यांनी आपल्यासमोर करून दाखवावा अशी विनंती करावी. जुन्या मराठी नियतकालिकांसाठी 1893 पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालयही पाहावे.

जाता जाता दोन गोष्टी. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या केंद्र सरकारच्या योजनेतली संशोधन नियतकालिके जानेवारी 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. आपण शिकवता ते महाविद्यालय खाजगी असेल, तर नोंदणी जिथे आहे त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारावे. दुसरे म्हणजे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि कायद्यांचा मजकूर, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची मोजायची नसते. आपल्या प्रबंधात भूसंपादन कायद्याची कलमे पानोपानी येणार, तेव्हा नुसत्या टक्केवारीच्या दाखल्यावर न थांबता सविस्तर अहवाल मागून घ्यावा आणि वगळायचा भाग खरोखर वगळला आहे का, ते ग्रंथपालांबरोबर बसून तपासावे.