गॅपचं वर्ष: चुकांची वही, विड्यांचं सूप आणि दुपारचे दोन

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला आणि पुन्हा परीक्षा द्यायला वर्षभराचा गॅप घेतला की पत्रांतला पहिला प्रश्न ठरलेला: रोज किती तास? तासांचा आकडा आम्ही देणार नाही, पण बाकीचं सविस्तर सांगतो.

माझ्या मुलाला पहिल्या प्रयत्नात 412 गुण पडले. 168 प्रश्न सोडवले, त्यातले 52 चुकले. आता गॅप घेतलाय, रोज चौदा तास बसतो, पुस्तकं दोनदा वाचून झाली. तरी घरच्या टेस्टमध्ये 420च्या पुढे सरकत नाही. (एक पालक, सात रस्ता, सोलापूर)

तो बसतोय, पण वाचतोय तेच ते. दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि ‘हे येतंय’ असं मन सांगतं. परीक्षेत पान समोर नसतं, चार पर्याय असतात आणि त्यातले दोन सारखेच दिसतात. म्हणून दोन पानं वाचली की पुस्तक मिटवायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. सुरुवातीला कागद अर्धा लाल होतो. मुलं वैतागतात आणि इथेच पद्धत सोडतात. त्याला तेवढं सोडू देऊ नका.

आता हिशेब. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला उणे एक. 116 बरोबर म्हणजे 464, त्यातून 52 वजा, उरले 412. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर एकदम पाच गुणांचा फरक पडतो: गेलेला एक परत येतो, वर चार मिळतात. त्या 52 मध्ये घाईत वाचल्यामुळे चुकलेले पंधरा निघाले, तर नवं एक अक्षर न वाचता 75 गुण तिथेच पडलेत. हे पंधरा शोधायचे कसे? त्यासाठी दोनशे पानी फुलस्केप वही घ्या. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत: तारीख, प्रकरण, नेमकी चूक आणि कारणाचं एक अक्षर. ‘मा’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘वि’ विसरलो, ‘ग’ आकडेमोड चुकली, ‘घ’ घाईत वाचलं. ‘निष्काळजीपणा’ असं कारण लिहू देऊ नका. त्यातून पुढे करण्यासारखं काही निघत नाही. ‘सेंटिमीटरचं मीटर केलं नाही’ असं लिहिलं तर निघतं. ‘अयोग्य विधान ओळखा’ला योग्य विधान निवडलं असेल, तर पुढच्या टेस्टपासून ‘अयोग्य’ या शब्दाभोवती पेनाने गोल काढल्याशिवाय पर्याय वाचायचे नाहीत. ‘वि’च्या ओळी तीन, दहा आणि तीस दिवसांनी पुन्हा स्वतःला विचारायच्या. टेस्ट तीन तासांची असेल तर तिच्या तपासणीला तेवढाच वेळ द्यावा. बहुतेकजण फक्त गुण बघतात आणि पुढची टेस्ट मागवतात.

आणखी एक. 2021 ते 2024 या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत 200 प्रश्न होते, त्यातले 180 सोडवायचे होते; वेळ 2021 मध्ये 180 मिनिटं आणि 2022 ते 2024 मध्ये 200 मिनिटं होती. 2025 पासून 180 प्रश्न, सगळे सक्तीचे आणि वेळ 180 मिनिटं. जुना पेपर सोडवताना प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागातले पहिले दहाच घ्या आणि घड्याळ तीन तासांचं लावा, नाहीतर वेगाचा अंदाज फसतो. टेस्ट रविवारी दुपारी दोन ते पाच अशीच घ्यायची, कारण परीक्षा त्याच वेळेला असते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी दोनला डोळे मिटतात, ही सवयीची गोष्ट आहे आणि सवय बदलते. जेवण साडेअकराला, एक भाकरी कमी. ओएमआर कागद छापून काळ्या बॉलपेनाने गोल भरायचे. पंचेचाळीस प्रश्नांचा गठ्ठा झाला की लगेच भरणं बरं. शेवटच्या दहा मिनिटांत 180 गोल भरताना एक ओळ सरकली की खालचं सगळं सरकतं.

अंदाजाने उत्तर देण्याबद्दल लोक फार ठासून बोलतात. गणित असं: पूर्ण अंदाजाने ठोकलेल्या उत्तराची सरासरी पाव गुण, म्हणजे जवळजवळ काही नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर सरासरी दीड गुण. तिथे सोडू नये.

मी विडी घरकुलात राहते, वय 18. गॅप वर्षात आईबरोबर विड्या वळते. एका मेडिकल दुकानात सकाळी नऊ ते रात्री नऊ काम मिळतंय. मैत्रीण म्हणते, दवाखान्यात काम केलं तर पुढे उपयोग होईल. काय करू?

आधी मैत्रिणीचं. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणवत्तायादीवर होतो. कामाच्या अनुभवाला एकही गुण नाही. दवाखान्यातल्या कामाने मन तयार होत असेल, पण ते क्रमांकात दिसत नाही. त्यामुळे काम निवडताना तीनच प्रश्न: किती तास, घरी पोहोचल्यावर डोकं चालतं का आणि परीक्षेआधीचे दोन महिने सुट्टी मिळेल का. ही सुट्टी आजच मालकाशी बोलून घ्यायची, मार्चमध्ये नाही.

मेडिकलचं काम वाईट नाही, तास वाईट आहेत. औषध देणं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हायचं असतं, तुझ्याकडे येईल ते माल लावणं, बिलं आणि बारा तास उभं राहणं. रात्री नऊनंतर भौतिकशास्त्र होत नाही. अर्धा दिवस देत असतील तरच विचार कर. त्याहून बरं म्हणजे आठवी ते दहावीच्या पाच-सहा मुलांची विज्ञानाची शिकवणी, संध्याकाळी दीड-दोन तास. विद्युतधारा दुसऱ्याला समजावताना आपल्याला कुठे कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. मात्र दहावीच्या पलीकडचं त्यातून होणार नाही, एवढं लक्षात ठेव.

विड्यांचं काम सोडता येत नसेल तर ते वापर. पान कापताना आणि वळताना हात गुंततात, तोंड मोकळं असतं. आदल्या रात्री मोबाईलवर स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड कर: ‘अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाची संप्रेरकं?’ मग दहा सेकंद शांतता, मग उत्तर. त्या दहा सेकंदांत तू मोठ्याने बोलायचंस. वीस प्रश्नांची एक फाईल पाच-सहा मिनिटांची होते. जीवशास्त्र आणि असेंद्रिय रसायन यात बसतं; भौतिकशास्त्राची उदाहरणं सूप मांडीवर घेऊन होत नाहीत, त्याच्या नादी लागू नको. हजार विड्यांचा हिशेब आईचा, तुझा वाटा तासांत ठरव. विड्यांत ठरवलास तर दिवस कधी संपला कळत नाही. तंबाखूची धूळ डोळ्यांत आणि घशात जाते, म्हणून दाराजवळ हवेशीर बसायचं आणि पुस्तकाला हात लावण्याआधी साबणाने धुवायचे.

घराला लागूनच यंत्रमागाची शेड आहे. दिवसभर खडखडाट. अभ्यासिकेची फी परवडत नाही. (विद्यार्थी, पूर्व भाग)

फोमचे इअरप्लग घे, मात्र ते नीट घालता यायला हवेत. बोटांनी लाटून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तीस सेकंद बोट दाबून धरायचं. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काही फरक पडत नाही आणि मग प्लगलाच नावं ठेवली जातात. हेडफोनवर मोठ्याने गाणी लावून मागाचा आवाज दाबू नको, त्याने ऐकू येणं जातं.

टेबल शेडच्या भिंतीपासून लांब, पायांखाली जुन्या टॉवेलच्या चौपदरी घड्या. जमिनीतून येणारी थरथर त्याने कमी होते. एकसुरी आवाजात उदाहरणं सोडवता येतात, पाठांतर जड जातं. म्हणून दिवसा भौतिकशास्त्र आणि आकृत्या, माग बंद असतील तेव्हा जीवशास्त्र. खरं तर शेजारच्या खोलीतली टीव्हीवरची मालिका मागापेक्षा जास्त नडते, कारण त्यात शब्द असतात. आणि वीज गेली की माग थांबतात: चार्जिंगचा दिवा हाताशी ठेव.

बारावी राज्य मंडळातून झाली. बालभारतीचं पुस्तक पुन्हा सगळं करायचं का? (बार्शी)

नाही. नीटसाठी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची, पुस्तकं मुख्य धर. 2024 पासून नीटचा अभ्यासक्रम कमी झालाय. बारावी रसायनशास्त्राच्या बालभारतीतलं पहिलंच प्रकरण, स्थायू अवस्था, त्यात नाही. बहुवारिकंही नाहीत. जीवशास्त्रातलं वनस्पती आणि पाणी गेलं; सातव्या प्रकरणातली वाढ आणि संप्रेरकं ठेव, खनिज पोषण सोड. 2024च्या आधीच्या पेपरांतले या प्रकरणांवरचे प्रश्न पेन्सिलने खोडून मगच सोडवायला बस.

गॅपमुळे प्रवेशात अडचण येते का? वयाची अट? (पंढरपूर)

प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत. वरची मर्यादा 2022 मध्ये काढली, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. गॅपने गुण कापत नाहीत; कॉलेज खंडाचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं, ते एका दिवसात होतं. एका दिवसात होत नाही ती जात पडताळणी, तिचा अर्ज आजच कर. नॉन क्रीमीलेअर मात्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं, म्हणून जुन्यावरची मुदत आधी बघ. ती पुरत नसेल तर नवं काढायला एप्रिलमध्येच सेतू केंद्रात जा. निकालानंतर तिथे रांग असते.