डॉक्टर असून अमेरिकन क्रांतीत लढला आणि पुढे राज्याचा गव्हर्नर झाला असा कोणी आहे का?

आहे ना, जॉन ब्रूक्स. जन्म 1752, मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड. गावातल्याच डॉ. सायमन टफ्ट्सच्या हाताखाली शिकला, मग रेडिंगला प्रॅक्टिस. पण 19 एप्रिल 1775 ला कॉनकॉर्डहून परतणाऱ्या इंग्रज फौजेवर मेरियम्स कॉर्नरला जे तुटून पडले त्यात रेडिंगची तुकडी घेऊन हाच डॉक्टर होता, वय फक्त 22! नंतर 1777 ला साराटोगाच्या लढाईत इंग्रजांकडून लढणाऱ्या ब्रेमन या जर्मन अधिकाऱ्याच्या तटबंदीवर हल्ला, व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत सैन्याला कवायत शिकवण्यात मदत, आणि युद्ध संपल्यावर गडी परत मेडफर्डला पेशंट बघायला बसला. 1816 ते 1823 मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर, त्याच काळात 1820 ला मेन त्यातून वेगळं राज्य झालं. आणि गंमत म्हणजे त्याच्यानंतर आलेला गव्हर्नर विल्यम युस्टिस, तोही क्रांतियुद्धातला डॉक्टरच!